गाव वर गेलं, माणसं किती गेली? इलिनॉयमधल्या व्हॅलमायरचं प्रकरण

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, सेंट लुइस शहराच्या दक्षिणेला साधारण ४५ किलोमीटरवर व्हॅलमायर नावाचं गाव आहे. १९९० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८९७ होती. २००० मध्ये ती ६०८ झाली, २०१० मध्ये १,२६३ आणि २०२० मध्ये १,२३३. आकडे असे ओळीने वाचले तर गोष्ट सरळ वाटते: पूर आला, गाव घटलं, उंचावर जाऊन पुन्हा वसलं आणि आधीपेक्षा मोठं झालं. पूरग्रस्त वस्त्या हलवण्याचा विषय निघाला की व्हॅलमायरचं नाव हमखास निघतं, आणि तेही यशाचं उदाहरण म्हणून. पुरावा म्हणून बहुतेक वेळा २०१० चा आकडा पुढे केला जातो.

मला या ओळीतला महत्त्वाचा आकडा ६०८ हा वाटतो. गावाच्या पुनर्वसनाचा हिशेब त्याच्यापाशी संपतो. पुढच्या दहा वर्षांची वाढ हे वेगळंच प्रकरण आहे, आणि त्याचा पुराशी संबंध फार थोडा आहे. पण ६०८ पर्यंत पोचायचं तर आधी हे गाव तिथे का होतं ते पाहावं लागतं.

नदीचा तळ आणि वरचा कडा

मिसुरी नदी सेंट लुइसच्या जरा उत्तरेला मिसिसिपीला मिळते. त्या संगमाखाली मिसिसिपीच्या पूर्वेला सपाट, काळ्याभोर गाळाचा एक लांबच लांब पट्टा आहे. ‘अमेरिकन बॉटम’ हे त्याचं नाव. उत्तरेला तो चांगला रुंद आहे, दक्षिणेकडे निमुळता होत जातो. त्याच्या पूर्व कडेला चुनखडीचे उभे कडे आहेत. कड्यावर चढलं की वेगळाच मुलूख लागतो: खडकात पाणी मुरून जमीन खचल्याने झालेले शेकडो खड्डे आणि त्यांच्या पोटात गुहा. व्हॅलमायर ज्या मन्रो काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) येतं, तिथेच इलिनॉयमधल्या सर्वांत लांब गुहांपैकी काही आहेत. म्हणजे खाली पाणी हटता हटत नाही आणि वर पाणी टिकता टिकत नाही. व्हॅलमायरच्या परिसरातला खडक भूवैज्ञानिकांना इतका नमुनेदार वाटला की इलिनॉयच्या खडकांच्या एका मालिकेला त्यांनी ‘व्हॅलमायरन’ असंच नाव दिलं.

या गाळाच्या पट्ट्यात माणूस फार पूर्वीपासून राहतो आहे. उत्तरेच्या टोकाला कहोकियाचे मातीचे प्रचंड उंचवटे आहेत. साधारण इ. स. १०५० ते १२०० या काळात मेक्सिकोच्या उत्तरेला मूलनिवासींचं त्याहून मोठं शहर नव्हतं. मग फ्रेंच आले. कहोकिया १६९९ मध्ये, कॅस्कॅस्किया १७०३ मध्ये, प्रेरी डू रोशर १७२२ च्या सुमाराला. त्यांच्यासोबत फोर्ट द शार्त्र हा किल्ला आला. आधी तो लाकडी होता आणि पाण्याने कुजत राहिला, म्हणून पुढे दगडी बांधला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन शेतकऱ्यांची लाट आली. शेजारचं मेस्टाउन १८५२ चं, त्यांनीच वसवलेलं.

या यादीतल्या कॅस्कॅस्कियाकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. १८१८ मध्ये इलिनॉय राज्य झालं तेव्हा त्याची पहिली राजधानी कॅस्कॅस्किया होती. १८४४ च्या पुराने तिचा बराच भाग नेला. १८८१ मध्ये मिसिसिपीने पात्रच बदललं आणि गाव नदीच्या पलीकडे, मिसुरी राज्याच्या बाजूला जाऊन पडलं. आजही ते कायद्याने इलिनॉयमध्ये आहे, पण तिथे पोचायला मिसुरीतून जावं लागतं. मिसिसिपीला कुणी काठ शिकवू शकत नाही, हे सांगायला इथल्या लोकांना पुस्तकाची गरज नव्हती.

तरीही १९०२ मध्ये व्हॅलमायर खालीच वसलं, आणि त्याचं कारण रेल्वे. सेंट लुइसहून दक्षिणेला जाणारी लोहमार्गाची शाखा कड्याच्या पायथ्याने टाकली गेली, कारण मालगाडीला सपाट मार्ग लागतो आणि कडा चढणं तिला परवडत नाही. गाळाच्या शेतातलं धान्य तिथे चढायचं, कड्यातली चुनखडी तिथे चढायची. आजूबाजूच्या जुन्या वाड्यांतली माणसं स्टेशनाशेजारी येऊन राहिली. त्यांत मायर आडनावाची घरं पुष्कळ होती, गावाच्या नावात ती आली आहेत. १९०९ मध्ये गावाला कायद्याने ‘व्हिलेज’चा दर्जा मिळाला.

हा दर्जा पुढे फार कामाला आला, म्हणून एक खुलासा. इलिनॉयमध्ये ‘व्हिलेज’ म्हणजे खेडं नव्हे. ती स्थानिक स्वराज्य संस्थेची एक कायदेशीर जात आहे. पाच-पन्नास घरांची नोंदणी नसलेली वस्ती असेल तर तिचा कारभार काउंटी बघते. तिला स्वतःचं असं काही नसतं. ‘व्हिलेज’ला मात्र निवडून आलेलं मंडळ असतं, कर लावता येतो, कर्ज काढता येतं, जमीन विकत घेऊन हद्दीत जोडता येते. नऊशे माणसांचं व्हॅलमायर आकाराने आपल्या एखाद्या लहान ग्रामपंचायतीएवढं. अधिकार मात्र बरेच जास्त.

बांधाच्या भरवशावर

गावाला पूर नवा नव्हता. १९१० मध्ये पाणी आलं, मग १९४३, १९४४ आणि १९४७ मध्ये, म्हणजे पाच वर्षांत तीनदा. त्यानंतर लष्कराच्या अभियंता दलाने नदीकाठचे बांध उंच आणि भक्कम केले. १९७३ मध्ये सेंट लुइसला पाण्याने ४३.२३ फुटांची पातळी गाठली. तोवरचा तो विक्रम होता (तिथे ३० फुटांना पूरपातळी धरतात). तेव्हाही व्हॅलमायर कोरडं राहिलं.

भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्येच हा धोका दाखवून दिला होता. बांध लहानसहान पूर अडवतो, लोक निर्धास्त होतात, बांधामागे आणखी घरं होतात. मग एखादा मोठा पूर बांध ओलांडतो तेव्हा नुकसान बांध नसता त्याहून जास्त होतं. व्हॅलमायर काही या सूत्राप्रमाणे बेफाम वाढलं नव्हतं, गावचं गावच राहिलं होतं. पण १९४७ नंतर शेहेचाळीस वर्षं पाणी आलं नाही म्हणजे दोन पिढ्या. आजोबांनी सांगितलेला पूर आणि आपण पाहिलेला पूर यांत फरक असतो.

ऑगस्ट १९९३

१९९३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागावर पावसाळी हवा महिनोन्महिने ठाण मांडून बसली. आधीच्या पावसाने जमीन भिजून चिंब होती, धरणं भरलेली होती. सेंट लुइसला नदी जवळपास ८० दिवस सलग पूरपातळीच्या वर वाहत होती. १ ऑगस्टला तिथे पाणी ४९.५८ फुटांवर पोचलं, म्हणजे १९७३ च्या विक्रमाच्याही सहा फुटांहून वर. त्या हंगामात मिसिसिपी-मिसुरीच्या खोऱ्यात हजाराहून अधिक बांध फुटले किंवा पाण्याखाली गेले, सुमारे ५० माणसं दगावली आणि सुमारे १५ अब्ज डॉलरचं नुकसान झालं.

व्हॅलमायरसमोरचा मुख्य बांध तेव्हाही उभा होता. पाणी आलं ते मागच्या दाराने. १ ऑगस्टला उत्तरेला कोलंबिया गावाजवळ बांध फुटला. तिथलं एक अख्खं शेतघर प्रवाहात उचललं जाऊन मोडून पडतानाचं चित्रण देशभर टीव्हीवर दिसलं. फुटलेल्या जागेतून आत शिरलेलं पाणी नदी आणि कडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून दक्षिणेला सुटलं. नदीला उतार असतो तसा या पट्ट्यालाही असतो. वरच्या अंगाला आत शिरलेलं पाणी खालच्या अंगाला जाऊन आडव्या बांधाशी तुंबतं, तेव्हा त्याची पातळी शेजारच्या नदीपेक्षाही वर जाऊ शकते. असाच एक आडवा बांध फाउंटन ओढ्याचा होता. पाणी तिथे साठत गेलं, ओढ्याचा बांध ओलांडून पुढे आलं आणि गावात शिरलं. गाव तोवर रिकामं केलं होतं. सखल भागात पाच मीटरच्या आसपास पाणी चढलं, घरांची फक्त छपरं दिसत होती. ते ओसरून लोक आत जाऊन चिखल उपसायला लागले, तोच सप्टेंबरमध्ये ते पुन्हा आलं.

हेच पाणी पुढे प्रेरी डू रोशरकडे निघालं होतं, आणि तिथे जे केलं गेलं ते पूरनियंत्रणाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. अधिकाऱ्यांनी तिथला मिसिसिपीचा मुख्य बांध आपणहून फोडला आणि नदीचं पाणी मुद्दाम आत घेतलं. उत्तरेकडून धावत येणारा लोंढा गावाच्या बांधावर आदळण्याआधी समोर पाण्याची गादी तयार असावी आणि जास्तीचं पाणी तुंबून न राहता परत नदीत निघून जावं, असा हिशेब होता. हिशेब बरोबर निघाला. १७२२ च्या सुमाराचं ते फ्रेंच गाव वाचलं. व्हॅलमायरला तेवढी उसंत मिळाली नाही.

पन्नास टक्क्यांची ओळ

पुराने गाव मोडलं, पण गाव हलवायचं की नाही हे पुराने ठरवलं नाही. ते ठरवलं कायद्यातल्या एका अटीने. अमेरिकेत १९६८ पासून केंद्राची पूर विमा योजना आहे. तिच्यात सामील गावात एखाद्या इमारतीचं नुकसान तिच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झालं, तर ती जशीच्या तशी दुरुस्त करता येत नाही. तिचा राहता मजला शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या पातळीच्या वर उचलावा लागतो. व्हॅलमायरमध्ये दहापैकी नऊ इमारती या अटीत बसल्या. तिथे जमीन इतकी सखल आहे की म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला दीड-दोन मजल्यांचा जिना चढावा लागला असता. शाळा, चर्च, दुकानं यांचं काय करायचं हे तर कुणालाच सुचत नव्हतं.

दुसरा मार्ग होता घर विकायचा. १९८८ च्या केंद्रीय आपत्ती कायद्यात तशी तरतूद आहे. सरकार पूर येण्याआधीच्या बाजारभावाने घर विकत घेतं, पाडून टाकतं, आणि ती जमीन स्थानिक संस्थेच्या नावे कायमची मोकळी ठेवायची असते. १९९३ च्या पुरापर्यंत या खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा असे. मिसुरीतल्या एका खासदाराच्या पुढाकाराने तो ७५ टक्के करणारा कायदा झाला. ३ डिसेंबर १९९३ ला त्यावर अध्यक्ष बिल क्लिंटन यांची सही झाली. राज्य सरकारांवरचं ओझं त्याने बरंच हलकं झालं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मध्यपश्चिमेतली हजारो घरं अशी विकत घेतली गेली.

पण घर विकलं की घरमालक सुटतो, गाव सुटत नाही. नऊशे माणसं पैसे घेऊन काउंटीतल्याच वॉटर्लूला, कोलंबियाला, सेंट लुइसच्या उपनगरांत पांगली असती तर व्हॅलमायर हे नाव फक्त जुन्या नकाशात उरलं असतं. शाळा बंद पडली असती, कारण तिथल्या शाळा मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता कराच्या जोरावर चालतात. घरं नाहीत म्हणजे कर नाही, मुलंही नाहीत.

डेनिस नोब्लॉक हे तेव्हा गावचे मेयर होते. हे पद अर्धवेळ, पगार नावापुरता. सप्टेंबरमध्ये, म्हणजे घरांत चिखल वाळायच्या आत, गावाने आपल्या लोकांना विचारलं: सगळं गाव मिळून उंचावर जायचं का? दोन तृतीयांशाच्या आसपास लोक हो म्हणाले. कड्यावर सुमारे तीन किलोमीटरवर, जुन्या गावापेक्षा जवळपास शंभर मीटर उंचीवर, ५०० एकरांची शेतजमीन मिळत होती. किंमत होती सुमारे तीस लाख डॉलर. ‘व्हिलेज’च्या दर्जाचा उपयोग झाला तो इथे. करार करायला, जमीन घ्यायला, कर्ज उभं करायला आणि ती गावाच्या हद्दीत जोडायला एक कायदेशीर व्यक्ती हजर होती. गावातल्या लोकांच्याच समित्या झाल्या: रस्ते, घरं, शाळा, सार्वजनिक इमारती, पैसा. त्यांच्या समोर राज्याची आणि केंद्राची वीसहून जास्त खाती. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, नियम वेगळे, कागदांची भाषा वेगळी. प्रादेशिक नियोजन आयोगाची माणसं मदतीला नसती तर शेतकरी, मास्तर आणि खाणकामगार यांच्या या समित्या पहिल्याच हिवाळ्यात थकल्या असत्या, असं मला वाटतं. डिसेंबर १९९३ मध्ये भूमिपूजन झालं.

मधली वर्षं

भूमिपूजनापासून पहिल्या कुटुंबाच्या गृहप्रवेशापर्यंत १९९५ उजाडलं. तोवर लोक कुठे होते? काही नातेवाइकांकडे, काही भाड्याने, आणि पुष्कळ जण केंद्रीय आपत्ती खात्याने, म्हणजे फेमाने, दिलेल्या ट्रेलरांच्या वस्तीत. दोन हिवाळे पत्र्याच्या लांबट खोल्यांत काढायचे म्हणजे काय ते मध्यपश्चिमेचा हिवाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांनाच कळेल.

उशिराची कारणं सगळी बावळटपणाची नव्हती. केंद्राचा पैसा लागला की १९६६ च्या वारसा संरक्षण कायद्यानुसार जमिनीखाली काय आहे ते आधी तपासावं लागतं, आणि कड्यावरच्या शेतात खणलं तर मूलनिवासींच्या जुन्या वस्त्यांच्या खुणा निघाल्या. पुरातत्त्वाचं काम पुरं होईपर्यंत तेवढ्या भागात बुलडोझर थांबले. पाण्याची लाइन, सांडपाणी, रस्ते हे शून्यापासून करायचं होतं. जुन्या गावातलं काही उचलून नेता येत नव्हतं. केंद्राच्या ऊर्जा खात्याने तज्ज्ञही पाठवले होते: रस्ते अशा दिशेने आखा की घरांना हिवाळ्यातलं ऊन मिळेल, इमारती कमी ऊर्जेत तापतील अशा बांधा, वगैरे. सल्ला चांगला होता. पण ट्रेलरमध्ये बसलेल्या माणसाला सौरऊर्जेपेक्षा दाराची किल्ली जास्त हवी असते.

एकूण खर्च किती झाला याचे आकडे काय काय धरलं त्यावर बदलतात. साधारण तीन ते साडेचार कोटी डॉलर या मर्यादेत ते येतात, त्यातला मोठा भाग केंद्राचा आणि राज्याचा. नऊशे माणसांच्या गावाला ही रक्कम मोठी वाटते. पण बांध पुन्हा बांधणं, दर पुरानंतर भरपाई देणं, विम्याचे दावे चुकते करणं हा खर्च कुणी एका जागी मांडत नाही, म्हणून पुनर्वसन नेहमी महाग दिसतं.

मात्र एका खर्चाचा हिशेब सरकारी कागदात जवळपास दिसत नाही. जुन्या गावातलं घर म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांचं लाकडी घर, कर्ज कधीच फिटलेलं. त्याला मोबदला मिळाला तो पुराआधीच्या बाजारभावाने. आणि विम्याचे किंवा मदतीचे पैसे आधी मिळाले असतील तर ते एकाच नुकसानीची दुहेरी भरपाई नको म्हणून त्यातून वळते झाले. नवं घर बांधायचं १९९५ च्या दराने, नव्या प्लॉटवर. मधला फरक घरमालकाच्या खिशातून. चाळिशीतल्या नोकरदार जोडप्याने बँकेकडून तो उचलला. पंचाहत्तरीतल्या विधवेने तीस वर्षांचं कर्ज कशाच्या जोरावर काढायचं? भाडेकरूला तर विकायला घरच नव्हतं.

सहाशे आठ

म्हणून २००० चा आकडा नीट बघायला हवा. ८९७ मधून २८९ गेले, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. आणि ६०८ मध्ये सगळे जुने नव्हते. तोवर थोडे नवेही आले होते. सात वर्षांत काही मरण पावले, काहींची मुलं शिकायला बाहेर गेली, हे कुठल्याही गावात झालंच असतं. तरी घट मोठी आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये ‘हो’ म्हणणारे दोन तृतीयांश होते आणि २००० मध्ये उरलेही साधारण दोन तृतीयांश. माणसं तीच नसतील, पण प्रमाण जुळतं ते बोलकं आहे. ज्यांना थांबणं परवडलं त्यांचं गाव वर गेलं.

यात गावाच्या कारभाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. अख्खं गाव एकत्र हलवण्याच्या प्रयत्नांत दोन तृतीयांश माणसं टिकवणं हे काम थोर आहे. इलिनॉयमध्येच १९३७ च्या ओहायो नदीच्या पुरानंतर शॉनीटाउन पाच-एक किलोमीटर आत हलवलं गेलं, विस्कॉन्सिनमधलं सोल्जर्स ग्रोव्ह १९७८ च्या पुरानंतर, आणि व्हॅलमायरच्याच वेळी मिसुरीतली पॅटन्सबर्ग आणि ऱ्हाइनलँड ही गावं. यादी एवढी आखूड आहे यातच सगळं आलं. अडचण आहे ती नंतर कुणी २०१० चा आकडा दाखवून ‘गाव वाढलं’ म्हणतो तेव्हा.

२००० ते २०१० मध्ये व्हॅलमायर दुपटीहून अधिक झालं. त्याच काळात मन्रो काउंटी २७,६१९ वरून ३२,९५७ वर गेली, १९ टक्क्यांहून अधिक वाढ. ही वाढ सेंट लुइस महानगराच्या पसरण्याची. महामार्गावरून तासाभरात नोकरीच्या जागी पोचायचं, मोकळ्या हवेत मोठा प्लॉट घ्यायचा, मुलांना लहान शाळेत घालायचं, अशी तरुण कुटुंबं काउंटीभर येत होती. अशा कुटुंबाला नव्या व्हॅलमायरइतकी सोयीची जागा मिळणं कठीण: रस्ते नवे, पाण्याची लाइन नवी, शाळा नवी, पूररेषेच्या बाहेर, आणि केंद्राच्या पैशाने आधीच विकसित झालेले रिकामे प्लॉट. जे प्लॉट जुन्या गावकऱ्यांसाठी आखले होते आणि त्यांना परवडले नाहीत, ते उपनगरी खरेदीदारांनी भरले. हे वाईट आहे असं नाही. त्यांच्या कराने शाळा टिकली, गावाचं कर्ज फिटायला मदत झाली. पण हे पूरग्रस्तांचं पुनर्वसन नव्हे. २०२० मध्ये तीस माणसं कमी झाली, म्हणजे ती लाटही थांबली असावी.

नव्या गावात काय नाही

वरच्या गावात फिरणाऱ्याला पहिली गोष्ट जाणवते ती वळणदार रस्ते आणि रुंद हिरवळी. खालचं गाव रेल्वेला समांतर चौकटीत आखलेलं होतं. स्टेशनाजवळ मुख्य रस्ता, तिथे दुकानं, दारूचे गुत्ते, बँक, पोस्ट, दोन पावलांवर चर्च. सगळं पायी. वर आखणी झाली ती १९९० च्या दशकातल्या उपनगरासारखी, जिथे दूध आणायलाही गाडी काढावी लागते. गावाच्या मध्यभागी व्यापारासाठी जागा राखून ठेवली होती, पण जुना बाजार तिथे उभा राहिला नाही. कारण समजायला कठीण नाही. खालचं किराणा दुकान चाळीस वर्षांपूर्वी फिटलेल्या इमारतीत, अत्यल्प खर्चात चालायचं; नव्या इमारतीचं भांडवल त्या गल्ल्यातून निघत नाही. शिवाय दोन वर्षं गिऱ्हाईक पांगलेलं, वॉटर्लूच्या मोठ्या दुकानांची सवय झालेली. घरमालकाला मोबदला देणारी योजना होती, शाळेला होती, चर्चने देणग्या गोळा केल्या. गुत्तेवाल्याला आणि वाण्याला फक्त कर्जाचा फॉर्म होता. पुनर्वसनाच्या सगळ्या योजनांचं हे आंधळेपण आहे: त्या घर मोजतात, शाळा मोजतात, पण संध्याकाळी चार माणसं जिथे टेकतात ती जागा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

रोजगार आला तो अनपेक्षित बाजूने. कड्याच्या पोटात चुनखडीची जुनी खाण होती, खांब ठेवून पोखरलेली, एकरच्या एकर पसरलेली. खडकातलं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, म्हणून तिथे भूमिगत गोदामं उभी राहिली, आणि २००० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवायला तिथे मोठी जागा घेतली. सेंट लुइसच्या अभिलेख केंद्रात १९७३ मध्ये लागलेल्या आगीत सैनिकांच्या दीड कोटीहून जास्त नोंदी जळाल्या होत्या, त्यामुळे सुरक्षित जागेची किंमत त्या खात्याला चांगली ठाऊक होती.

खाली कोण राहिलं

जुनं गाव पूर्ण रिकामं झालं नाही. मूठभर घरांनी विक्री नाकारली, दुरुस्ती केली आणि तिथेच राहिली. बाकी जागेवर रस्त्यांच्या चौकटी आहेत, घरं नाहीत. विकत घेतलेल्या प्लॉटांवर पुन्हा बांधकाम करता येत नाही, ही अट खरेदीखतातच कायमची आहे. मैदानं आहेत, शेती आहे. गावाची हद्द मात्र आजही वर आणि खाली दोन्हीकडे आहे, म्हणजे नऊशेचं गाव सांभाळायचं ते मंडळ आता दोन गावांचे रस्ते सांभाळतं.

कॅस्कॅस्कियालाही १९९३ मध्ये बांध फुटून पाणी आलं होतं. तिथल्या लोकांनी बांध पुन्हा बांधला आणि ते राहिले. २०२० च्या जनगणनेत त्या पहिल्या राजधानीत २१ माणसं होती. दोन्ही गावं एकाच नदीची, एकाच पुराची, आणि दोघांनाही एकच कायदा लागू. एकाकडे नऊशे माणसं आणि एक शाळा होती, दुसऱ्याकडे तेव्हाच काहीच उरलं नव्हतं. हलायलाही गाव किमान एवढं मोठं असावं लागतं.

२००५ मधल्या कॅटरिना चक्रीवादळानंतर फेमाने देशभरचे पूर-नकाशे पुन्हा तपासले आणि २००७ मध्ये सांगितलं की सेंट लुइससमोरचे अमेरिकन बॉटमचे बांध शंभर वर्षांच्या पुरासाठी भरवशाचे मानता येणार नाहीत. ते दुरुस्त करायला मॅडिसन, सेंट क्लेअर आणि मन्रो या तीन काउंट्यांनी २००९ पासून विक्रीकर वाढवला, डॉलरला पाव सेंट. हा कर काउंटीभर लागतो. कड्यावर राहायला गेलेला व्हॅलमायरकर वॉटर्लूला जाऊन सामान घेतो, तेव्हा उत्तरेकडच्या बांधांसाठी तोही तो भरतो.